पट्टीवरचा लाभ

आता सांगा, मोजपट्टी ही काय कुलपात ठेवायची वस्तू आहे? सोन्याची असते ती? पण बेलटोल्याच्या प्राथमिक शाळेत नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं खोकं जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून लोखंडी कपाटात बंद होतं, आणि किल्ली हेडमास्तर भोजराज सरांच्या खिशात. कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मॅडम, बच्चे तोड देंगे. मंग साहेब आले तं त्याईले काय दाखवू?" म्हणजे पट्ट्या आल्या पोरांसाठी आणि बघायच्या साहेबांनी! आशालता मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती असल्या गोष्टींनी.

मॅडम मूळच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या. वडील त्र्यंबकराव कचेरीत कारकून, आजोबाही कचेरीत कारकून. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि साहेबासमोर दोन्ही भाषांत मान खाली. त्या घरात ही अशी पोरगी कशी निपजली, याचं त्र्यंबकरावांना शेवटपर्यंत कोडं पडलं होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच शाळेत तिनं हेडमास्तरांची छडी विहिरीत टाकली. लामत्याकडच्या शाळेत पोरांच्या जेवणाची डाळ तपासायला एक साहेब आले, तर मॅडमनी ती डाळ काचेच्या ग्लासात ओतून त्यांच्यापुढे धरली. "घ्या साहेब, उन्हातून आलात, आधी पाणी घ्या." झाली बदली. प्रत्येक बदलीमागे अशीच काहीतरी कथा. शेवटी त्यांना खैरलांजीच्याही पलीकडे, बेलटोल्यात आणून टाकलं. खैरलांजीत एक खोली घेऊन राहतात, स्कूटीनं शाळेत येतात, शनिवारी बस धरून बालाघाटला घरी जातात. पन्नाशी उलटली आहे. गुडघे दुखतात, पण जिभेला अजून काही झालेलं नाही.

आणि शिकवावं तर त्यांनीच. लांबी मोजणं म्हणजे पट्टी ठेवली आणि आकडा वाचला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिसरीच्या पोरांच्या हातात पट्टी देऊन बघावी. एक पोरगं पट्टीच्या कडेपासूनच मोजतं, शून्याची रेघ जरा आत आहे हे त्याच्या गावीही नसतं. दुसरं एकच्या रेघेपासून सुरू करतं, कारण मोजणी एकपासूनच करतात ना! तिसऱ्याची पट्टी तिरपी. चौथं पट्टी उचलून डोळ्यांसमोर धरतं, आणि तेवढ्यात पेन्सिल घरंगळत बाकाखाली जाते. मॅडम दुखऱ्या गुडघ्यांनी एकेकाजवळ खाली बसत, त्याचं बोट धरून रेघेवर ठेवत, पुन्हा उठत, पुन्हा बसत. पट्ट्या कुलपात होत्या तोवर त्यांनी गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका मागून आणल्या, त्यांच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि स्वतः रेघा आखल्या. मागच्या बाजूला कुणा नवरदेवाचं अर्धं नाव आणि पुढच्या बाजूला सेंटीमीटर. पोरांनी त्यावर वही मोजली, डबा मोजला, एकमेकांची नाकं मोजली.

पण पत्रिका दमटपणानं वाकायच्या, आणि कपाटातलं खोकं मॅडमना रोज दिसायचं. पंधरा ऑगस्टला सगळं गाव शाळेत जमलं होतं. लाडू वाटून झाल्यावर मॅडमनी सरपंचांना हाक मारली. "सरपंचजी, शाळेत नवीन सामान आलं आहे, पाहून जा ना. सर, किल्ली द्या." चारचौघांत भोजराज सर काय करणार? किल्ली निघाली. खोकं फुटलं. पण त्या दिवसापासून सरांनी मनात धरलं ते धरलंच.

तिसरीत अपेक्षा नावाची एक मुलगी होती. आईबाप नागपूरला कामाला, ही आजीजवळ. आजीचं नाव गोदाबाई. पोरगी शांत, काळ्या डोळ्यांची, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. पट्टी ठेवायला सगळ्या वर्गात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शून्य बरोबर टोकाला, पट्टी सरळ, बोट न हलवता दाबून धरलेलं. आणि उत्तर नेमकं एकानं जास्त!

"काय लिहिलं आहे इथं?"

"सात, मॅडम."

"मग पेन्सिल किती सेंटीमीटर?"

"आठ."

"अगं, सात वाचतेस आणि आठ काय सांगतेस? डोळे आहेत की बटणं?"

अपेक्षा ओठ मिटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी खडू, तिसऱ्या दिवशी पुस्तक, रोज तेच. वाचायचं बरोबर आणि सांगायचं एक जास्त. मॅडमनी समजावलं, चित्र काढून दाखवलं, शेवटी एकदा चांगल्या ओरडल्याही. पोरगी रडली नाही. पण उत्तरही बदललं नाही. मोजायच्या आधी मात्र ती काहीतरी पुटपुटायची. मॅडमना वाटायचं, देवाचं नाव घेत असेल.

दिवाळीनंतर तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. भोजराज सरांनी टेबलावर नवा कपडा घातला, चहा मागवला. साहेब तिसरीत शिरले आणि नेमके अपेक्षापुढेच उभे राहिले. खडू समोर ठेवून म्हणाले, "बेटा, कितने सेंटीमीटर?" अपेक्षानं पट्टी अगदी नीट लावली. "आठ." साहेबांनी वाकून पाहिलं. सात. त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं आठ. साहेब हसले. साहेब हसले म्हणून भोजराज सर हसले, आणि सर हसले म्हणून सगळा वर्ग हसला. मग सर म्हणाले, "ढ आहे जी ही. आधीपासूनच ढ आहे." त्या लेकरासमोर! भर वर्गात! मॅडम बोलायला तोंड उघडणार तोच दोघं बाहेर पडले होते.

आणि दुसऱ्याच दिवसापासून मॅडमची नेमणूक मतदारयादीच्या कामावर. हेही एक आहेच. शिक्षकानं डोकी मोजावीत, घरं मोजावीत, मतदार मोजावेत, जनावरंही मोजावीत. फक्त पोरांना मोजायला शिकवू नये. मॅडम दारोदार फिरून, मेलेल्यांची नावं कापून आणि नव्या सुनांची नावं चढवून शाळेत परत आल्या, तर अपेक्षाची जागा रिकामी. पोरांनी आपसूकच सांगून टाकलं. सरांनी तिला पहिलीच्या चिमुरड्यांत नेऊन बसवलं होतं. दोन-चार दिवस बसली. पोरं 'ढ' 'ढ' करून मागं लागायची. मग ती यायचीच बंद झाली.

मॅडम तशाच सरांच्या खोलीत. "सर, कुणाला विचारून बसवलं तिला पहिलीत?"

"अरे मॅडम, गुस्सा काहून होता? तिची आजी येणार आहे उद्या, टीसी घेऊन जाईन. घरी बकऱ्या आहेत, कामात येईन पोरगी. आणि वर्गाचा रिझल्टबी सुधरेल. सबका फायदा."

सबका फायदा! ऐकलंत? एका आठ वर्षांच्या पोरीची शाळा सुटते आणि या माणसाला सगळ्यांचा फायदा दिसतो. मॅडमनी पर्स उचलली, टेबलावरची एक पट्टी उचलली आणि शाळा सुटताच स्कूटी गोदाबाईच्या खळ्याकडे वळवली.

खळ्यावर धानाची रास होती. सोसायटीत विकायचं धान हल्ली काट्यावर तोलतात, पण कापणीवाल्या बायांची मजुरी गोदाबाई अजून पायलीनंच मोजून देते. ती राशीपाशी बसली होती, समोर पोतं धरून एक बाई, आणि बाजूला उभी अपेक्षा. गोदाबाईला आता नीट दिसत नाही, मोजताना आकडा चुकतो, म्हणून मोजणी नातीची. गोदाबाईनं पायली भरली, पोत्यात ओतली, आणि अपेक्षा खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!" पुढची ओतली. "दोन!" मग "तीन!" मग "चार!" धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही इकडची जुनी रीत. एक म्हटलं की रास एकटी पडते म्हणतात. मॅडम बांधावर उभ्या राहून ऐकत होत्या. एका बाईचं झालं, दुसरीचं झालं, तिसरी मध्येच भांडायला लागली की माझी एक पायली राहिली. अपेक्षानं तिला कुठली पायली कुणाच्या पोत्यात कधी गेली ते घडाघडा सांगितलं, आणि बाई गप्प बसली. ही ढ! ही मुलगी म्हणे ढ!

"गोदाबाई," मॅडम पुढं होऊन म्हणाल्या, "हिला शाळेतून काढताय म्हणे?"

गोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मी नाही काढून राह्यली जी. पोरगीच नाही म्हणते. सबे पोट्टे तिले ढ म्हणतेत. सरच म्हणते तं पोट्टे काहून नाही म्हणतीन? रडते रोज. मी म्हणली, राहू दे बापा, नाही जमत तं नाही जमत."

"मोजणी तर बरोबर करते की!"

"धानाची करते. तुमच्या त्या स्केलची नाही येत तिले."

मॅडमनी अपेक्षाला जवळ घेतलं, राशीशेजारी बसवलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. जवळच एक काडी पडली होती, सात सेंटीमीटरची निघाली. "मोज. आणि काय पुटपुटतेस ते मोठ्यानं म्हण. मी नाही रागावत."

अपेक्षानं आजीकडे पाहिलं. मग बोट शून्यावर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "लाभ." बोट एकवर गेलं. "दोन." दोनवर गेलं. "तीन." सातवर पोहोचली तेव्हा म्हणाली, "आठ."

"अगं, पण इथं सात लिहिलं आहे ना?"

आता पोरीचे डोळे चमकले. इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "हौ मॅडम, पण स्केलवाल्यानं चोरी केली ना! लाभाच्या जागी त्यानं शून्य लिहिलं. लाभ शून्य कसा होईन? आजी पयली पायली देते, तिले शून्य म्हणलं तं त्या बाईची एक पायली गेली ना? मंग मी तिची तिले वापस देतो. म्हणून आठ."

सगळ्या वर्गानं शून्य वाचलं आणि सोडून दिलं. एका पोरीनं त्या शून्याला जाब विचारला, कुणावर अन्याय होतोय का ते पाहिलं, आणि तिला आपण ढ ठरवून बसलो! तिच्या पुटपुटण्याकडे एकदा कान द्यायला काय झालं होतं? मॅडमना स्वतःचीच अशी चीड आली की स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ते नंतर. आधी काम.

"बरं, मला सांग, धान मोजताना तू लाभ कधी म्हणतेस?"

"पायली पोत्यात पडली का."

"भरायच्या आधी? नुसती हातात घेतली तर?"

अपेक्षा हसली, मॅडमना एवढंही कळू नये म्हणून. "रिकाम्या पायलीले लाभ कोण म्हणते जी!"

"मग बघ." मॅडमनी तिचं बोट पुन्हा शून्यावर ठेवलं. "इथं पायली हातात घेतली. रिकामी आहे. काही पडलं का पोत्यात?"

"नाही."

"आता भर." त्यांनी बोट सावकाश एकच्या रेघेपर्यंत सरकवलं. "एवढी भरली आणि ओतली. आता म्हण."

पोरगी मागं शून्याकडे बघत होती, पुढं एककडे बघत होती, दोन्हींच्या मधल्या जागेकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "लाभ." बोट आपणहून पुढं गेलं. "दोन." आवाज वाढला. "तीन. चार. पाच. सहा. सात!" काडी संपली. तिनं पट्टीवरचा आकडा पाहिला. तोही सात.

"म्हणजे त्यानं चोरी नाही केली काय?"

"नाही केली."

"मंग मीच सबाले एक जास्त देऊन राह्यली होती!" असं म्हणून ती इतकी हसली की गोदाबाईही हसायला लागली, आणि कशाला हसतो आहोत ते तिनं नंतर विचारलं. मग काय, पट्टी थांबेचना. आजीचं बोट मोजलं, पायलीची उंची मोजली, मॅडमच्या चपलेचा पट्टा मोजला, आणि प्रत्येक वेळी लाभापासून सुरुवात करून उत्तर अचूक.

"आता येशील ना शाळेत?" मॅडमनी विचारलं.

पोरीचं हसू मावळलं. पट्टी तिनं परत मॅडमच्या हातात ठेवली. "नाही मॅडम. मले मोजता येते आता. पण सर ढ म्हणते तं पोरं म्हणनच. त्याईले काय मालूम मले येते म्हणून?"

पोरीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मॅडम गोदाबाईला एवढंच म्हणाल्या, "उद्या टीसीसाठी येणारच आहात ना? हिला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी गोदाबाई नातीचा हात धरून आली. भोजराज सर टीसी तयार करूनच बसले होते, किती ती तत्परता! मॅडम म्हणाल्या, "सर, आधी तिसरीत चला." सर कुरकुरत आले. मॅडमनी अपेक्षाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि सरांनाच सांगितलं, तुम्हाला हवं ते मोजायला द्या. सरांनी खिशातलं पेन दिलं. अपेक्षानं पट्टी लावली. "लाभ, दोन, तीन," करत ती गेली आणि "चौदा" म्हणून थांबली. सरांनी वाकून पाहिलं. चौदा. मग सरांनी पुस्तक दिलं, डस्टर दिलं, चष्म्याची डबी दिली. प्रत्येक उत्तर बरोबर. वर्गात कुजबुज सुरू झाली.

"ठीक है, ठीक है," सर म्हणाले. "पण हे लाभ-वाभ काय आहे? शाळेत नाही चालत असं. एक म्हणाचं."

"लाभ हिच्या आजीचा आहे, शाळेच्या बापाचा नाही," मॅडम कडाडल्या. "आकडा बरोबर येतो की नाही ते बोला. येतो ना? मग आता ऐका. तुम्ही याच वर्गात, याच पोरांसमोर हिले ढ म्हणलं होतं. आता याच पोरांसमोर म्हणा की ती ढ नाही."

"अरे मॅडम, इतनी सी बात..."

"इतनी सी? या एवढ्याशा बातेनं हिची शाळा सुटून राह्यली आहे, सर! टीसी तुमच्या टेबलावर पडली आहे. तिनं मोजून दाखवलं. आता तुमचं काम तुम्ही करा. तोवर मी या दारातून हलत नाही." आणि त्या खरंच दारात उभ्या राहिल्या. दुखरे गुडघे, कमरेवर हात. बाहेर जायचा तेवढा एकच रस्ता होता.

सरांनी फळ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, गोदाबाईकडे पाहिलं. शेवटी सरांनी घसा खाकरला आणि भिंतीवरच्या नकाशाला सांगावं तसं पुटपुटले, "अपेक्षा ढ नहीं है." आणि घाईघाईनं दाराकडे निघाले.

मॅडम बाजूला होणार होत्या. पण अपेक्षा जागची हलली नव्हती. छातीशी पट्टी धरून ती सरांच्या पाठीकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "मांगच्या पोरांईले ऐकू नाही आलं."

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "हौ सर, नाही आलं!" मॅडम पुन्हा दारात सरळ उभ्या राहिल्या. आणि भोजराज सरांना वर्गाकडे तोंड करून परत म्हणावं लागलं, या वेळी मोठ्यानं.